चौथा नियम

"आधी ठरवया, मगे मारूया," असं तो म्हणायचा. तेही इतक्या हळू आणि विनवणीच्या सुरात, की माझ्या सायबर कॅफेत नवीन आलेलं गिऱ्हाईक दचकून मागे वळून बघायचं. कोणी कोणाला मारायचं, कशाने मारायचं आणि मेलेल्याने नंतर काय करायचं, हे ठरल्याशिवाय तो कोणाला माऊसला हात लावू देत नसे. दारात चपला काढताना त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायचा. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, "पळाचा झाला तर बरा पडता, बाईनु."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्नाच्या मांडवात शिरतानाच बाहेर पडायची वाट हेरून ठेवणारी. आपण त्यांना हसतो. मीही हसायचे.

मालवणच्या बाजारपेठेत माझी टायपिंगची संस्था होती. टायपिंग शिकायला कोणी येईना, तेव्हा यंत्रं विकून मी अकरा कॉम्प्युटर घेतले. अर्ज, निकाल, बोटीवर नोकरीला असलेल्या नवऱ्यांना ईमेल, हा माझा धंदा असेल अशी माझी कल्पना. पण सहा महिन्यांत त्यातले दहा कॉम्प्युटर तारांनी एकमेकांना जोडले गेले आणि त्यांवर बंदुकांचा खेळ सुरू झाला. पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या. गोळी लागलेला तो डाव संपेपर्यंत बाहेर. आधी सोळा डाव घेईल तो गट जिंकला. अकरावा कॉम्प्युटर माझा. मला यादी केल्याशिवाय झोप येत नाही, त्यामुळे कोणाचा नंबर कधी, कुठल्या कीबोर्डचं कुठलं बटण अडकतं, वीज कोणत्या वारी किती वाजता जाते, सगळं भिंतीवर लावलेलं असे.

खेळणारे गट मुख्यतः दोन. एक रापणवाल्या वाडीतला. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून साऱ्या वाडीने मिळून ओढायचं जाळं. दुसरा जेटीवरचा, ट्रॉलरवाल्यांचा. या दोघांचे बाप समुद्रात एकमेकांचं तोंड बघत नव्हते. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन तळ खरवडून नेतात आणि आमच्या रापणीत शेवाळ येतं, हे वाडीचं म्हणणं. समुद्र काय तुमच्या परड्यात आहे का, हे जेटीचं.

चपलांची तोंडं रस्त्याकडे करणारा तो बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. दोन्हीकडच्या होड्या त्याच्याकडूनच बर्फ न्यायच्या. चाळिशीचा, सडपातळ, हात कायम गार. एका दुपारी तो अर्ज टाइप करून घ्यायला आला आणि नेमकी त्याच वेळी दोन गटांत जुंपली. जेटीच्या पाचही जणांनी दुर्बीण लावलेली लांब बंदूक घेतली होती. ती एका गोळीत मारते, तीही इतक्या लांबून, की मरणाऱ्याला मारणारा दिसत नाही. कोणीतरी माऊस उपटून फेकला. एकाच्या कानातून रक्त आलं.

सगळे उभे होते, मीसुद्धा. तो भिंतीला टेकून पांढराफटक पडला होता. त्याने विचारलं, "माका वायच दाखवशात, ती बंदूक खंयची?"

मारामारी त्या एका प्रश्नाने थांबली. बंदूक कशी आहे हे त्याला समजावून सांगायला दहाही जण पुढे आले. त्या दिवसापासून तो पंच झाला.

त्याला स्वतःला खेळता येत नव्हतं. गोळीचा आवाज झाला की तो डोळे मिटून घ्यायचा. पण नियम करायचे तर बंदुका माहीत हव्यात, म्हणून सकाळी अकराला, कॅफे रिकामा असताना, आम्ही दोघं बसायचो. तो आपला माणूस एका भिंतीपाशी उभा करायचा आणि म्हणायचा, "मारा, बाईनु." मी, पन्नाशीची, चष्मा लावून गोळ्या घालायचे. किती गोळ्यांत मेला ते लिहून घ्यायचे. मग तो पंचवीस पावलं मागे जायचा. "आता मारा." लहान पिस्तूल जवळून चार, लांबून नऊ. छऱ्यांची बंदूक जवळून एक, लांबून मोजण्यात अर्थ नाही. दर गोळीला तो खुर्चीत खरोखरचा दचकत असे.

"अहो, तुम्हाला लागतंय का ते?" मी एकदा वैतागून म्हटलं.

"लागत नाय. पण तुमी मारतास मां?"

त्या तक्त्यावरून त्याने सात नियम केले. ढाल घ्यायची नाही, कारण ढालवाला दारात बसून राहतो. "भियाचाच आसात तर माझ्यासारख्यान भाय ऱ्हवचा, आत कित्याक येवचा?" धुराचा गोळा एकाला एकच. एका बाजूच्या बंदुका जात्याच थोड्या सरस होत्या, म्हणून पंधरा डावांनंतर बाजू बदलायच्या. आणि चौथा नियम: लांब बंदूक एका गटाला एकच. या चौथ्यावर तो सगळ्यात जास्त बोलायचा. "एकच वस्तू सगळा खावक लागली काय समोरचो खेळणा सोडता, बाईनु. मगे तो दगड बघता."

तो कशाबद्दल बोलतोय हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याचं घर रापणवाल्या वाडीतलंच. काही वर्षांपूर्वी वाडीच्या होड्या ट्रॉलर अडवायला गेल्या होत्या. दोन्हीकडून दगड सुटले, त्यात त्याच्या मोठ्या भावाचा डावा डोळा गेला. हा त्याच होडीत, भावाच्या मागे बसला होता.

नियम मी टाइप करून भिंतीवर लावले. पण भिंतीवरचा कागद आमच्याकडे कोण मानतो? म्हणून त्याने आपली रीत आणली. खेळाआधी गाऱ्हाणं घालायचं. आपल्या भागात होडी पाण्यात ढकलताना, लग्न ठरवताना, नाटकाचा पडदा उघडताना देवाला घालतात तसंच. सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं, आणि तो प्रत्येक नियम देवाच्या कानावर घालायचा.

"बा देवा म्हाराजा, आज हयसर दहा जण खेळाक जमले आसत. मेलेल्यान तोंड उघडून जित्याक वाट दाखवची नाय."

"व्हय म्हाराजा."

"हयसरचो राग कोणाच्या घराकडे जाव नये."

"व्हय म्हाराजा."

मी बाजूला पेन्सिल घेऊन उभी असायचे. एकेक नियम बोलला गेला की माझ्या यादीत बरोबरची खूण. पहिल्यांदा मला हसू आलं होतं, पण दोन वर्षं त्या खोलीत कोणी कोणाच्या अंगाला हात लावला नाही. व्हय म्हटलं की म्हटलं.

तिसऱ्या वर्षी, कॅफेतल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आठवड्यात, समुद्रात पुन्हा बिनसलं. वाडीने एक ट्रॉलर ओढून किनाऱ्याला आणला, आणि त्याच संध्याकाळी वाडीची दोन जाळी कापलेली सापडली. बाजारात माणसं गटागटाने उभी राहू लागली. मी त्याला म्हटलं, सामना रद्द करू.

"नको," तो म्हणाला. "हयसर नाय भेटले तर जेटीर भेटतले. हयसर बसान तरी ऱ्हवतत."

रविवारी दुपारी दहाही जण आले. एरवी खेळाआधी एकमेकांची टर उडवायचे, त्या दिवशी कोणी बोललं नाही. समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर पंधरा-वीस माणसं जमली होती, अर्धी वाडीची, अर्धी जेटीची. वाडीच्या एकाच्या हातात वल्हं होतं. बाजारपेठेत वल्ह्याचं काय काम?

पंचाने हात जोडले. पहिला नियम, व्हय म्हाराजा. दुसरा, तिसरा. मग बाहेर कोणीतरी मोठ्याने काहीतरी बोललं. त्याची मान दाराकडे वळली, परत आली, आणि तो पुढचा नियम बोलला. पाचवा.

माझी पेन्सिल चौथ्यावर थांबली होती. मला दिसलं. पण गाऱ्हाण्यात मध्ये बोलत नाहीत. शिवाय भिंतीवर लिहिलेलं आहेच, असंही मी मनाशी म्हटलं. सातवा झाला. सगळे बसले.

दोघांचे बारा-बारा डाव होईपर्यंत काही घडलं नाही. त्यानंतरच्या डावात जेटीच्या पाचही जणांनी लांब बंदूक घेतली. दहा सेकंदांत वाडीचे पाच मेले.

खुर्च्या मागे सरकल्या. वाडीचा म्होरक्या ओरडला, "रे, एकच म्हणान ठरला हा मां?"

"भिंतीवर आहे," मी बोट दाखवलं. "नियम चौथा."

जेटीचा म्होरक्या, एका ट्रॉलरमालकाचा मुलगा, जागचा उठलासुद्धा नाही. "बाईनु, यादी तुमची. आमी व्हय म्हटलंव ता गाऱ्हाण्याक. गाऱ्हाण्यात ह्या खंय इला?"

"दोन वर्सां गुमान एक घेतलंस. आज बरा आठवला तुका, मेल्या."

"आज देवाक सांगूकच नाय, तर मोडलंय काय मी?"

बाहेरची माणसं पायरीवरून उतरून माझ्या दाराशी आली. आत दहाही जण पंचाकडे बघत होते. वाडीच्या म्होरक्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दाद्या, तू म्हटलंस. मियां आयकलंय. सांग त्येंका."

म्हटलंय, एवढा एकच शब्द पुरला असता. त्याच्याच वाडीची मुलं होती, भाऊही तिथलाच. आणि तो नियम खरंच त्याचा होता, दोन वर्षं त्या खोलीने पाळलेला. मला वाटलं तो म्हणेल. खरं सांगते, म्हणावं असंच मला वाटलं.

त्याने एकदा दाराकडे बघितलं. "नाय म्हटलंय," तो म्हणाला. "चूक माझी. झालो तो डाव झालो."

मग त्याने तिथल्या तिथे पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्येच्या म्होरा लांब बंदूक एका गटाक एकच."

"व्हय म्हाराजा," वाडीचे पाच म्हणाले.

जेटीचे पाच गप्प. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "अर्ध्यार गाऱ्हाणा बदलत नाय."

"खरा आसा," तो म्हणाला.

उरलेले तीन डाव जेटीने त्याच बंदुकांनी घेतले. कोणी उठलं नाही, कोणी काही फेकलं नाही. वाडीची मुलं बाहेर पडली तेव्हा वल्हंवाल्याने विचारलं, "काय झाला?"

"हरलंव."

"कसे?"

म्होरक्याने मागे वळून पंचाकडे बघितलं. "नियमान," तो म्हणाला, आणि चालू लागला. वल्हंवाल्याने वल्हं खांद्यावर टाकलं आणि तोही गेला.

कॅफे रिकामा झाला. पंच चपला घालून माझ्या दाराच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "बाईनु, माका घराकडे सोडशात?"

चाळीस वर्षांच्या पुरुषाने असं विचारणं सोपं नसतं. मी कुलूप लावलं. उन्हं अजून होती. वाडीतून जाताना घरापुढच्या खळ्याखळ्यांत जाळी विणत बसलेली माणसं आम्ही जवळ आलो की गप्प व्हायची. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मध्येच मी त्याला सांगितलं, की तो चौथा नियम विसरला ते मला तेव्हाच दिसलं होतं.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "मी तुमच्या पेन्सिलीक बघलंय. पण तवसर पाचवो बोलान झालो होतो. उलटा जावक येणा नाय."

थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाला, "भियालंय, बाईनु. भियालंय म्हणान इसारलंय."

भाऊ उंबऱ्यातच जाळं पसरून बसला होता. त्याने उजवा डोळा वर केला. "खोटा बोललं असतंस तर जिंकले असते पोर."

"व्हय," हा म्हणाला.

भाऊ पुन्हा विणायला लागला. जाळं त्याने बाजूला घेतलं नाही. हा घराला वळसा घालून मागच्या दाराने आत गेला.

त्या आठवड्यात वाडीच्या होड्या बर्फाला दुसऱ्या कारखान्याकडे गेल्या. "त्येच्या हातचो बर्फ नको," एवढंच होडीवाले म्हणाले. कारखान्याच्या मालकाने चार दिवस वाट बघितली आणि त्याला गोव्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात चिकटवून दिलं. माझा निरोप घ्यायला तो आला नाही. नंतर कोणत्याच गटाने नंबर लावला नाही, सामने बंद झाले, मी तारा काढून टाकल्या.

पण रविवारी पाच वाजता फोन यायचा. मागे बंदराचा गोंगाट. "बाईनु, काय झाला नाय मां?"

"नाही, काही नाही."

"जाळी?"

"नाही. सगळं शांत आहे."

"बरा," म्हणून ठेवून द्यायचा. आपण कसे आहोत हे त्याने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. काही वेळा इथे झालेलं असायचं, तरी मी नाही म्हणायचे. मला ते जमायचं.

एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही आला नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी फोनच्या पडद्यावर दिसायचा तो, लिहून ठेवलेला नंबर फिरवला. बंदरावरचं टेलिफोन बूथ होतं. मी त्याचं वर्णन करायला लागले, सडपातळ, चाळिशीचा, तर बूथवाल्याने मध्येच तोडलं.

"झगडें जालें काय म्हण विचारता, तो?"

"हो. तोच."

"तो हांगा बसून चार-पांच जाणांक फोन करतालो. सगळ्यांक तेंच विचारतालो." तो हसला. मग म्हणाला, "आतां दोन आयतार येवंक ना." म्हणजे तिथेही दोन रविवार.

"तिकडे काही झालं नाही ना?" मी विचारलं.

"खबर ना, बाये," तो म्हणाला. त्याच्या मागे कोणाला तरी फोन हवा होता, म्हणून त्याने ठेवला.