डाव्या हाताच्या खुणा

सोमवारी सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटांनी तंजावुरातल्या एका केबल वाहिनीच्या थेट प्रक्षेपणात सांकेतिक भाषेच्या दुभाषी बाईंनी भाषांतर थांबवलं आणि सव्वीस सेकंद वेगळ्याच खुणा केल्या. त्या खुणा कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. त्या पुरत्या समजणारी माणसं दोनच. एक माझी आत्या — ती त्या वेळी घरी टीव्हीसमोर बसली होती. दुसरे माझे काका. ते एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत होते, घशात नळी घातलेली होती.

प्रक्षेपणाची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून वेळा नेमक्या सांगू शकतो.

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. बावीस वर्षं बातम्यांत काढली. झपाटलेली विहीर, रडणारी मूर्ती, झाडावरचा आवाज — अशा कितीतरी बातम्या माझ्या टेबलावर आल्या आणि एक फोन केल्यावर संपल्या. ही संपली नाही, म्हणून लिहितो आहे. (आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मराठी बोलतात, पण शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झालं. देवनागरी मी पुण्यात पत्रकारितेच्या कोर्सला असताना शिकलो. चुका सांभाळून घ्याव्यात.)

आमचं घर मेलवीथी रस्त्यालगतच्या एका गल्लीत. घरात चौघं — मी, माझी बायको मालती, आत्या आणि काका. आत्या एकाहत्तर वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. तिला शाळेत घातलं नाही. काका तिच्याहून तीन वर्षांनी लहान, अविवाहित, गणिताचे निवृत्त मास्तर. लहानपणी या दोघांनी परसातल्या विहिरीपाशी बसून आपल्या खुणा तयार केल्या आणि आयुष्यभर त्यांतच बोलले. नाकातली चमकी दोनदा चिमटीत धरली की आत्या. कपाळावर उजवीकडे, काकांचा व्रण होता त्या जागी, मूठ टेकवली की काका. दोन्ही हातांनी दोर ओढल्यासारखं केलं की 'लगेच ये'. दंडात सुई टोचल्यासारखं केलं की दवाखाना. मला अशा चाळीसेक खुणा येतात. त्यांना किती येत होत्या ते मोजलेलं नाही. काका डावखुरे, त्यामुळे त्यांच्या खुणा डाव्या हाताने सुरू होत.

आमच्या वाहिनीने सरकारी सुनावण्यांच्या प्रक्षेपणात कोपऱ्यात दुभाषीची चौकट द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून आत्या ती प्रक्षेपणं चुकवत नाही. पालिका, कालवे, रस्ते, काहीही असो. तिला त्यातलं फारसं समजत नाही; दुभाषी वापरतात ती भाषा वेगळी. तरी बघते. मालती म्हणायची, "आत्यांची सीरियल लागली, आता दोन तास कुणी समोरून जायचं नाही."

शनिवारी पहाटे काकांना धाप लागली. आत्या परसात होती. मी आणि मालतीने त्यांना रिक्षात घातलं. संध्याकाळपर्यंत न्यूमोनिया ठरला, नळी घालून गुंगीत ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

आत्याला सांगायचं नाही, हा निर्णय माझा. वर्षापूर्वी तिची अँजिओप्लास्टी झाली आहे. तिच्या डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका, असं बजावलं होतं. मी तिला खुणेने सांगितलं — काका चेन्नईला गेले, जुन्या विद्यार्थ्याकडे लग्न आहे. तिने खोलीत जाऊन काकांचा चष्मा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, नवा घेतला. ती माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत राहिली.

रविवारी रात्री जेवताना मालती म्हणाली, "ऑफिसात बातम्या दाबता, ते पुरे नाही का झालं?"

"डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना?"

"आठवतंय. पण काका शुद्धीवर आले की पहिली खूण कुणाला करणार? तुम्हाला?"

"तिला काही झालं तर?"

"सेरि, ठीक आहे. मग तुम्हीच सांभाळा. मला तिच्यासमोर हात हलवून खोटं बोलता येत नाही."

आत्या समोरच जेवत होती. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ताकाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

सोमवारी साडेदहाला जिल्हाधिकारी कार्यालयातून कालव्याच्या रुंदीकरणावरची जनसुनावणी सुरू झाली. सभागृहात आमचे दोन कॅमेरे होते. दुभाषी मात्र आमच्या स्टुडिओत असतात — हिरव्या पडद्यापुढे उभ्या, कानात सभागृहाचा आवाज, समोर मॉनिटर. त्यांचं चित्र कंट्रोल रूममध्ये कोपऱ्यात जोडलं जातं. त्या दिवशी सेल्वी नावाच्या बाई होत्या, तिरुचीहून येतात. एरवी दोघी असतात आणि अर्ध्या तासाने जागा बदलतात. दुसऱ्या आल्या नव्हत्या. थकवा आला असेल, ही शक्यता मी आधीच नोंदवून ठेवतो.

कंट्रोल रूममध्ये फोन न्यायची परवानगी नाही. माझा फोन बाहेर ड्रॉवरमध्ये होता.

११.१४. पाटबंधारे खात्याचे अभियंता बांधाच्या उंचीबद्दल बोलत होते. पडद्यावरची चित्रं बदलायच्या स्विचरवर बसलेला रमेश म्हणाला, "सार, मॅडम काय करताहेत?"

मी चौकटीकडे पाहिलं. सेल्वीबाईंनी डाव्या हाताने नाकपुडी दोनदा चिमटीत धरली. त्यांच्या नाकात चमकी नाही. मग डावी मूठ कपाळावर टेकवली, केसांच्या रेषेखाली, थोडी उजवीकडे. मग दंडात सुई. मग दोर — दोन्ही हातांनी, खालून वर, तीन वेळा. पुन्हा नाक. पुन्हा कपाळ.

त्या खुणा मी ओळखल्या. तरी तोंडातून निघालं ते असं, "चौकट काढ. फुल फ्रेम."

रमेशने बटण दाबलं. लॉगप्रमाणे तोवर सव्वीस सेकंद गेले होते.

"अभियंता रागावतील म्हणून काढली, की..." रमेश अर्ध्यावर थांबला. मी इंटरकॉमवर सेल्वीबाईंना दोनदा हाक मारली. त्यांनी ऐकल्याचं दिसलं नाही. काही मिनिटांनी त्या नेहमीसारखं भाषांतर करू लागल्या तेव्हा चौकट परत घेतली. जेवणाच्या सुट्टीत विचारू असं ठरवलं. योगायोग असेल, असं स्वतःला सांगितलं... कपाळावरची जागासुद्धा.

११.५० ला स्वागतकक्षातली मुलगी दार उघडून म्हणाली, "सार, एक पाट्टी आलीय, म्हातारी आजी. बोलत नाही. आपलं कॅलेंडर दाखवते नुसतं."

आत्या होती. घराबाहेर ती एकटी कधी जात नाही. भिंतीवरचं आमच्या वाहिनीचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून, त्यावरचा पत्ता रिक्षावाल्याला दाखवून ती आली होती. चप्पल उलटसुलट पायांत. दुसऱ्या हातात काकांचा चष्मा.

तिने खुणा केल्या — नाक, कपाळ, सुई, दोर. त्याच क्रमाने. मग बोटाने हवेत चौकोन काढला आणि माझ्या खांद्यावरून आत, स्टुडिओकडे बोट दाखवलं.

मी खूण केली, काका चेन्नईत आहेत.

तिने माझी दोन्ही मनगटं पकडली आणि खाली दाबून धरली. आमच्या घरात हा अपमान आहे. हात धरणं म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड बंद करणं. लहानपणी आम्ही भावंडं चेष्टेत तिचे हात धरायचो तेव्हा काकांनी मला एकदाच मारलं होतं.

मी मनगटं सोडवून घेतली आणि सुईची खूण केली. मग हो म्हटलं.

ती खाली बसली नाही. छातीला हात लावला नाही. रिक्षाकडे वळली. रिक्षावाला म्हणाला, "कधीचा थांबलोय सार, यांनी माझी चावीच काढून घेतलीय."

वाटेत फोन पाहिला. रुग्णालयाचा एक मिस्ड कॉल होता, ११.२१ चा. मालती शाळेत वर्गावर होती. तिला रुग्णालयातून फोन आलेला नव्हता. तिने आत्याला काही सांगितलेलंही नव्हतं. नंतर तिच्या मुख्याध्यापिकांकडेही विचारून घेतलं — हे सांगायला लाज वाटते, पण विचारलं.

आयसीयूच्या दारातल्या सिस्टरने अडवलं. "पाट्टी, भेटायची वेळ पाचला. सार, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं. "पेशंटच्या बहीण आहेत."

"तुम्हाला फोन केला होता, उचलला नाहीत. पेशंट सारखे हात हलवत होते. नळी ओढतील म्हणून बांधावे लागले."

तोपर्यंत आत्या तिच्या हाताखालून आत गेली होती.

काकांची दोन्ही मनगटं कापडी पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधलेली होती. डोळे उघडे होते. आत्याने पट्ट्यांकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने स्वतःच गाठी सोडल्या आणि म्हणाली, "नळीला हात गेला तर मला सांगायचं हं." आत्याने काकांच्या नाकावर चष्मा बसवला, नळीच्या पट्टीला धक्का न लावता. मग ती त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली.

ते दोघं बोलले. मी काचेबाहेर होतो. काकांचा हात पांघरुणापासून वीतभरच उचलला जात होता. आत्या वाकून उत्तर देत होती. माझ्या चाळीस खुणांपैकी दोन-तीनच मला ओळखता आल्या. एकदा ती हसली. काका नळीमुळे हसू शकले नसते, पण त्यांचे खांदे हलले.

बुधवारी पहाटे काका गेले. आत्या पलंगाशेजारी होती. तिच्या हृदयाला काही झालं नाही. आठवड्याने तपासणी केली, सगळं नेहमीसारखं. त्या सोमवारी काय बोलणं झालं ते मी तिला एकदाच विचारलं. तिने माझ्या हातांवर हलकेच टपली मारली. त्याचा अर्थ आमच्या घरात 'तुझं काम नाही'.

नंतर मी जे तपासलं ते असं.

सेल्वीबाईंना रेकॉर्डिंग दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी तर बांधाची उंची सांगत होते, सार." पुढे पाहिल्यावर त्यांनी आवाज बंद करायला सांगितला आणि स्वतःचा डावा हात उजव्या हातात धरून ठेवला. "मी उजव्या हाताने काम करते. पंधरा वर्षं. हे मी नाही केलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण चेहरा माझाच आहे की." त्यांनी काकांना किंवा आत्याला कधी पाहिलेलं नाही. आमच्या घराचा पत्ता त्यांना ठाऊक नाही. काकांचा खुणा करतानाचा एकही व्हिडिओ कुणाकडे नाही. त्यांना मोबाइलमध्ये चित्रीकरण आवडत नसे. माझ्याकडून या खुणांबद्दल ऑफिसात कधी बोललं गेलं असेल का, हे मी बरंच आठवून पाहिलं. आत्याला ऐकू येत नाही एवढं रमेशला माहीत होतं. बाकी काही नाही. सांकेतिक भाषा शिकवणाऱ्या एका अनुभवी शिक्षकांना ते सव्वीस सेकंद दाखवले. ते म्हणाले, यातली एकही खूण आम्ही शिकवत नाही, पण या बाई अडखळत नाहीत, हे रोजचं बोलणं दिसतं.

आयसीयूत टीव्ही नाही.

चौकट मी पडद्यावरून काढली तरी स्टुडिओचा कॅमेरा चालू होता. ते मूळ रेकॉर्डिंग मी जपून ठेवलं आहे. त्यात ११.१४ नंतरही त्याच खुणा चालू राहतात — नाक, कपाळ, सुई, दोर. ११.१६ ला दोर ओढता ओढता सेल्वीबाईंचे दोन्ही हात खाली येतात आणि मांड्यांच्या बाजूला ताठ राहतात. मनगटं दोनदा झटका देतात. मग तीन मिनिटं हात हलत नाहीत. ११.१९ ला भाषांतर पुन्हा सुरू होतं, उजव्या हाताने.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ज्यांना विचारलं त्यांच्याकडेही नाही.

रुग्णालयाने विनंतीवरून त्या सकाळच्या शुश्रूषा-नोंदींची प्रत दिली. आयसीयूतलं घड्याळ आणि आमच्या कंट्रोल रूममधलं घड्याळ मी फोनशी ताडून पाहिलं. फरक अर्ध्या मिनिटाहून कमी आहे. नोंदी इंग्रजीत आहेत. त्यांचं मराठी असं:

११.१२ — पेशंट अस्वस्थ. डाव्या हाताने त्याच त्याच हालचाली. अर्थ लागत नाही.

११.१६ — दोन्ही मनगटं बांधली.

११.२१ — नातेवाइकांना फोन. उत्तर नाही.

१२.३५ — बहीण आली. मनगटं सोडली. हालचाली चालू. बहिणीला अर्थ कळतो.