आतोबांच्या होडीतली पाचवी

आमच्या आतोबांइतकी पाचवी अख्ख्या कोकणपट्टीत कोणी केली नसेल. सलग अकरा वर्षं केली, तीही शाळेत नाव न घालता. आमच्या गावची शाळा चौथीला संपायची. पाचवी खाडीपलीकडे, आणि खाडीवर होडी आतोबांची, म्हणजे माझ्या आतेच्या यजमानांची. लहानपणी त्यांना पलीकडे नेणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांचं शिक्षण चौथीवर अडलं. ती भूक त्यांनी आमच्यावर भागवली. शाळेच्या पोरांना भाडं माफ; परतताना मात्र प्रत्येकाने त्या दिवशी शिकलेली एक गोष्ट सांगायची. ज्याला सांगता येणार नाही, त्याने डब्याने होडीतलं पाणी उपसायचं. होडी जुनी, चारी अंगांनी झिरपणारी. एकदा आम्ही सगळेच घडाघडा बोललो आणि पाणी घोट्याच्या वर आलं. आतोबा ओरडले, "अरे, कोनीतरी कायतरी विसरा रं!"

शिकलेलं ते लगेच अंगाला लावून घेत. पृथ्वी फिरते हे कळल्यावर होडीला दोन दोर बांधू लागले. झाडं पानांत स्वतःचं अन्न तयार करतात असं मी सांगितलं, तर दुपारी परसातल्या फणसाखाली बोलायची चोरी झाली. "हळू गो, त्याचा स्वयंपाक चाललाय." आते कपाळाला हात लावायची. "माझा दादला बिघडवलाव तुमी पोरांनी!"

माझ्या पाचवीच्या वर्षी गुरुजी थट्टेत म्हणाले, "आतोबा, बसा परीक्षेला. पास झालात तर दाखला देतो." झालं! आतोबांनी महिनाभर वल्हं मारताना नद्या घोकल्या, आणि दाखला टांगायला भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला.

परीक्षेला ते धुवट सदरा घालून माझ्या शेजारी मांडी घालून बसले. गणित आलं: होडी तासाला तीन मैल जाते, तर दीड मैलाची खाडी किती वेळात ओलांडेल? आम्ही ‘अर्धा तास’ असं उत्तर लिहून मोकळे. आतोबा उभे राहिले.

"गुरुजी, भरती का ओहटी?"

"अहो, गणितात भरती नसते."

"मंग त्याला खाडीत कशाला घातलाव?"

आतोबा खाली बसले, पण खोटं उत्तर लिहायला त्यांचा हात धजेना. तेवढ्यात त्यांची नजर खिडकीबाहेर गेली आणि ते अर्धा पेपर ठेवून उठले.

"पानी उतरतंय. होडी चिखलात बसली तर पोरां घरी कशी जातील?"

"अहो, पण तुमचा पेपर?"

"ऱ्हाऊ दे. त्यांचा होऊ दे."

आम्ही आलो तेव्हा ते धुवट सदऱ्यासकट कमरेएवढ्या पाण्यात होडी धरून उभे होते. एकेकाला खांद्यावरून नेऊन त्यांनी होडीत बसवलं. मग वल्हं मारत नेहमीसारखं विचारलं, "काय शिकलीस गो आज?"

मला सगळं येत होतं. तरी मी डबा उचलला आणि पाणी उपसू लागले. मग बाकीचेही ओंजळींनी उपसू लागले. ती होडी इतकी कोरडी पुन्हा कधी झाली नाही.

आम्ही सगळे पास झालो. त्या खिळ्याला आतोबा पुढे आयुष्यभर टोपी अडकवत राहिले. ती टोपी दिसली की मला रडू यायचं, आणि ते विचारायचे, "काय गो, काय विसरलीस?"