भिंतीपलीकडे उगवलेली आमची बाग

आमच्या घरामागे वाळू होती. आखातात आल्यावर आधी आम्ही शहरात, अल नस्रला फ्लॅटमध्ये राहायचो. तिथल्या बाल्कनीत कढीपत्त्याची एक कुंडी होती, ती एसीच्या गरम हवेने दर उन्हाळ्यात मरायची. मुऐदरच्या या व्हिलात आल्यावर मागे अख्खं अंगण मिळालं. मी नवऱ्याला म्हटलं, "थोडी झाडं लावू या."

गॅस प्लांटमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाशी असं सहज बोलू नये. पुढच्या शुक्रवारी त्याने जेवणाच्या टेबलावर अंगणाचा नकाशा पसरला. त्यात वाऱ्याची दिशा होती, सकाळचं ऊन कुठवर येतं तेही होतं. "आधी स्कोप फ्रीझ करू," तो म्हणाला. माझा स्कोप म्हणजे तुळस, कढीपत्ता, मोगरा आणि बसायला एक बाक. त्याच्या स्कोपमध्ये ठिबक, टायमर आणि पाऊस पडलाच तर पाणी निघून जायला ईशान्येकडे उतार.

घरमालकाला विचारलं, तर तो फोनवर "इन्शाल्ला" म्हणाला. हा होकार की नकार, यावर आमचं चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवशी त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं, तेव्हा कुठे वाद मिटला.

कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून मिळाला. गडी लातूरकडचा. इथे गवंडी म्हणून आला होता, आता स्वतःची माणसं आणि स्वतःचा पिकअप बाळगून होता. "नाही" हा शब्द काही त्याच्या तोंडून निघत नसे.

"मोगरा जगेल का हो इथे?" मी विचारलं.

"जगतंय की ओ ताई. न जगायला काय झालं?"

"उतार ईशान्येकडे हवा," नवरा म्हणाला.

"देऊत की साहेब. तुमी म्हणाल तिकडं देऊत. आन् मधी एक डॉल्फिन बसवूत."

"डॉल्फिन?"

"तोंडातनं पाणी येतंय त्याच्या. एका गिऱ्हाइकानं मागवला आन् घेतलाच न्हाई. गोडाऊनात पडलाय बिचारा."

मी नको म्हटलं. नवऱ्यानेही नको म्हटलं. "बरं बरं," म्हणून तो गेला.

दिवाळीला आम्ही नाशिकला जाणार होतो. इथे झाडं लावायचे दिवस नेमके तेच, ऊन तेव्हा जरा उतरलेलं असतं. म्हणून काम आमच्या माघारी करायचं ठरलं. सामान मागच्या गल्लीतून न्यायचं होतं. "शेवटून दुसरं गेट," असा नवऱ्याने त्याला मेसेज केला, मागचं कुलूप काढून ठेवलं आणि आम्ही विमानात बसलो.

नाशिकला रोज फोटो येऊ लागले. खणलेली माती, काळे पाइप, मग एके दिवशी हिरवळ. मी ते आईला दाखवले, मावशीला दाखवले, फराळाला आलेल्या प्रत्येकाला दाखवले. मुलीने एक फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "आई, दॅट्स नॉट अवर वॉल."

"अँगल वेगळा आहे गं," तिचा बाबा म्हणाला.

शेवटच्या फोटोत डॉल्फिन होता. नवरा इतका भडकला, की भिंतीचा विषय तिथेच राहिला.

परत आलो. बॅगा दारातच टाकून मी मागचं दार उघडलं. समोर वाळू. फक्त वाळू. नवरा बाहेर जाऊन आला, परत गेला, परत आला. "बाग कुठे आहे?" त्याने मला विचारलं, जणू मी ती फ्रिजमध्ये ठेवली होती.

कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. तो आला, अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच.

"साहेब, उपटून नेली का काय कुणी?"

"उतारासकट?" नवरा ओरडला.

तेवढ्यात पाण्याची खळखळ ऐकू आली. भिंतीपलीकडून. कॉन्ट्रॅक्टर पालथ्या बादलीवर चढला, पलीकडे डोकावला आणि हरवलेली म्हैस सापडावी तसा आनंदला. "हाय की ओ! हितंच हाय! साहेब, लई झक्कास झालीय!"

तो स्वतः कामावर एकदाही आला नव्हता. मुकादम त्याला फोटो पाठवायचा आणि तो आम्हाला. आमच्या ओळीत घरं चार, सगळी एकसारखी, आणि गल्ली दोन्ही टोकांना उघडी. नवऱ्याचा शेवट एका टोकाला होता, मुकादमाचा दुसऱ्या.

शेजारी एक इजिप्तचे सर राहायचे. शाळेत गणित शिकवायचे. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी कैरोला गेली होती. आमची ओळख सलामापुरतीच. आम्ही बेल वाजवली. सरांनी आम्हाला पाहिलं, घाईने बाहेर आले आणि दार मागे ओढून घेतलं.

"तुमची आहे ना?" ते कुजबुजले.

"हो," नवरा म्हणाला.

"मला वाटलं, घरमालक करतोय. मी कामगारांना चहासुद्धा दिला. पण काल बायको परत आली. बाग बघून तिने विचारलं, हे तू माझ्यासाठी केलंस? मी खरं सांगणार होतो. पण तिचा चेहरा बघितला आणि हो म्हणालो." सरांनी कपाळ पुसलं. "सगळा खर्च मी देतो. फक्त तिला कळू देऊ नका."

नवरा काही बोलणार, इतक्यात दार उघडलं आणि बाईंनी आम्हाला आत ओढलं. माझा हात धरून त्यांनी मला माझीच बाग दाखवली. मोगऱ्याला त्यांच्याकडे फुल्ल म्हणतात. "मला फुल्ल आवडतं हे त्याच्या लक्षात होतं," त्या म्हणाल्या. मग कढीपत्त्यापाशी थांबून त्यांनी सरांना विचारलं, "आणि हे काय?"

सरांनी झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "लिंबू," ते म्हणाले. "फार बारीक जातीचं."

"आणि पावसाचं पाणी साचू नये म्हणून उतारसुद्धा दिलाय! किती विचार करतो हा!"

"ईशान्येकडे," माझ्या नवऱ्याच्या तोंडून निघालंच.

"काय?"

"काही नाही. चांगला आहे उतार."

वृंदावन छान झालं होतं, गेरूच्या रंगाचं. सरांनी ते कंदील ठेवायला केलंय असं सांगितलं होतं. बाईंनी त्याच्या कोनाड्यात कैरोहून आणलेला पितळी कंदील ठेवला होता आणि रोज दिवेलागणीला तो त्या लावणार होत्या. तुळशीपाशी संध्याकाळचा दिवा लागणार होता, त्यात मी काय सुधारणा करणार?

सरांनी कॉन्ट्रॅक्टरशी परस्पर मिटवलं आणि आमच्याकडे नव्याने काम सुरू झालं. या वेळी नवऱ्याने रजाच काढली आणि नकाशा घेऊन उन्हात उभा राहिला. वाटेल ते बोलणारा तो लातूरकर त्या दिवसांत प्रत्येक खड्डा टेपने मोजून घ्यायचा. एकदाच खिन्नपणे म्हणाला, "दुसरा डॉल्फिन न्हाई मिळाला, ताई."

बाग पुरी झाल्यावर बाई आणि सर बसबूसा घेऊन आले. आपल्या रव्याच्या केकसारखा, पाकातला. बाईंनी मोगरा पाहिला, कढीपत्ता पाहिला, वृंदावन पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमची इतकी आवडली? संकोच करू नकोस. चांगल्या गोष्टीची नक्कल सगळेच करतात. फक्त उतार जरा जास्त झालाय. तुझ्या नवऱ्याने आमच्या ह्यांना विचारायला हवं होतं."

माझा नवरा फोन आलाय म्हणून आत गेला. फोन आलेला नव्हता. सर त्याच्यामागे धावले, बहुधा माफी मागायला.

मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. बाई माझ्यामागून आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"आता खरं सांग, त्या लिंबाच्या पानांचं तुम्ही काय करता?"

मी गॅस पेटवायची थांबले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "ह्या माणसाने आजवर पुदिन्याची कुंडी जगवली नाही. पण आता रोज संध्याकाळी तो माझ्याबरोबर बाहेर बसतो. झाडांबद्दल बोलत राहतो. सगळं खोटं असतं, पण बोलतो. आधी शाळेतून यायचा आणि पेपर तपासायला बसायचा. त्याला सांगू नकोस हं."

मी हो म्हटलं. सरांची विनवणी आधीच पाळत होते, आता हा शब्दही दिला. एकमेकांना पुरतं ओळखणाऱ्या त्या दोघांमध्ये गुपित सांभाळायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मग मी त्यांना फोडणी दाखवली. तेल तापलं, मोहरी तडतडली, पानं पडली तसा चर्र आवाज झाला आणि बाई ठसका लागून दाराला टेकल्या. डोळे पुसत, खोकत, "पुन्हा कर, पुन्हा कर," म्हणू लागल्या. आता शुक्रवारी त्यांच्याकडून मसुराच्या सूपचं पातेलं येतं. वर फोडणी असते. मोहरी त्या जरा जास्तच घालतात.