पुढच्या सीटवरची वाळू

शहापूरहून मुरबाडला येणाऱ्या जीपमध्ये शोभाताई नेहमी पुढची सीट मागायच्या. स्वतःसाठी नव्हे, वाळूसाठी. मांडीवर लाकडी ट्रे, पायांशी वाळूची पिशवी आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात खेळणी, खडे, कोळसे. ड्रायव्हरने "बांधकाम काढलंय का ताई?" असं विचारलं, की म्हणायच्या, "हां रे, मानसांचं."

वाशिंदला बालवाडी चालवता चालवता त्या मुंबईला जाऊन हा वाळूचा खेळ शिकून आल्या होत्या. तोंडाने सांगता येत नाही ते वाळूत मांडायचं, एवढाच खेळ. ट्रेचा तळ निळा रंगवलेला. वाळू जरा बाजूला सारली की पाणी दिसायचं. त्या आमच्या शाळेत आल्या आणि ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी, तिथली चांगली पोक्त मराठीची बाई, टाळ्या वाजवल्या. वाळू त्या स्वतः धुवायच्या, मैद्याच्या चाळणीने चाळायच्या आणि गच्चीत वाळवायच्या. त्यावरून शेजारच्या मांजराशी त्यांचं कायमचं वैर. "सगळ्यांच्या आधी तेच मेलं मोकळं होऊन जातं," म्हणायच्या.

मांडलेल्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, ही त्यांची अट. आणि अर्थ विचारला, की ठरलेलं उत्तर: "मी ज्योतिषी नाय गो. ज्याचं त्यालाच विचारायचं."

माझी धाकटी बहीण मंदा सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात दिलेली. नवरा गेला आणि आम्ही तिला मुरबाडला माहेरी आणलं. वाढलं तर जेवायची, विचारलं तर मान हलवायची. तिची शेती दिराला कसायला द्यायची आणि तिला कायमची इथेच ठेवायची, असं आईने ठरवून टाकलं होतं. मंदाला काय हवंय, ते मंदा सांगत नव्हती. ही अशीच गप्प राहून संपणार, या भीतीने मी शोभाताईंना घरी बोलावलं.

मंदा ट्रेपुढे बसली. मग बोटाने तिने वाळूत बांध घातले. एका कडेला छोटं घर ठेवलं. डब्यातले कोळशाचे तुकडे घेतले, मुठीत चुरले आणि एका खाचरात काळंभोर पसरले.

आईने पदर तोंडाला लावला. "चिता मांडली गो पोरीनं. पुसा ते आधी." तिने हात पुढे केला. ताईंनी तो वरच्यावर धरला.

"थांबा आई. तिला विचारू." आणि वळून अगदी सहज म्हणाल्या, "मंदा, हे काय गो?"

मंदाने आमच्याकडे असं पाहिलं, जसं काही आम्ही कधी शेत पाहिलंच नव्हतं.

"राब हाय. दिसत नाय तुमाला?"

राब! भाताची रोपं जिथे करायची, तिथे उन्हाळ्यात तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, पाला, शेण पसरून जाळायचं, की रोप जोमाने येतं. आईने जन्मभर राब भाजले होते. पण त्या दिवशी त्या माऊलीला दुसरं काय दिसणार?

मंदा बोलतच सुटली. "हा भाजला. तिकडला ऱ्हायलाय. त्यांनी जायच्या आधी टहाळ तोडून ठेवलाय, सुकून गेला असंल. कसायला कोनाला देनार नाय. मी कसनार. मला घरी सोडा."

आई रडत होती, मी हसत होते, आणि ताई डब्याचं झाकण लावायच्या निमित्ताने खाली वाकून डोळे पुसत होत्या.

पुढे ताई लेकीकडे नागपूरला कायमच्या राहायला गेल्या. जाताना ट्रे मला देऊन गेल्या. एका रविवारी कोणी बघत नाही असं पाहून मी वाळूत हात घातला आणि मग थांबलेच नाही. मंदा शेतावरचे वाल द्यायला आली, तेव्हा माझं सगळं मांडून झालं होतं.

"काय दिसतंय तुला?" मी उत्साहाने विचारलं.

ती पिशवी बाजूला ठेवून समोर बसली. हात मागे घेऊन, ताईंसारखीच.

"मी नाय सांगायची. अक्का, हे काय गो?"

आणि वर्गात तासभर बोलणारी मी पहिल्यांदाच माझ्याबद्दल सांगू लागले.