नाकातलं वाढलेलं मांस

लग्न होऊन अल्लीपूरला आले तेव्हा माझं नाक सदा चोंदलेलं असायचं. श्वास तोंडानं घ्यायचा, बोलणं गेंगाणं. पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंना शंका आली. महारोगाची भीती तेव्हा घरोघरी होती आणि तो नाकापासून सुरू होतो, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. माझं ताट वेगळं झालं. विचारलं तर म्हणायच्या, "काई नाई वो माय, सर्दी आहे ना तुले."

नवऱ्यानं मला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाकात पाहिलं, मग कातडी कुठं बधिर आहे का बघायला हातापायांना टाचणी टोचून पाहिली. म्हणाले, "तो रोग नाही. नाकात आतल्या बाजूचं मांस वाढलंय, कापावं लागेल." मला खरं वाटेना. इतकं टोचून बघणारा माणूस काहीतरी लपवत असणार. नवऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे.

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाई हट्टानं सोबत आल्या. मला खुर्चीवर बसवून नाकात औषधाचे बोळे कोंबले, नाक बधिर केलं. शुद्ध होतीच. कात्रीची कचकच डोक्याच्या आतून ऐकू आली, घशात रक्ताची चव उतरली. मग नाकात पट्टी ठासून भरली.

बाहेर सासूबाईंनी डॉक्टरांना अडवलं. "कापलं ते दाखवा मले."

डॉक्टर वैतागले, पण ट्रे आणवला. त्या वाकून बघत राहिल्या. "एवढुशानं तिचा श्वास अडून राह्यला होता? काऊन फसवता, डाक्टरसाहेब?"

पट्टी काढली तेव्हा हवा इतकी गार आत शिरली की मी दचकले. घरी फोडणीचा वास आला, सासूबाईंच्या तंबाखूचाही आला. त्या आता रोज माझ्या डोक्याला तेल लावू लागल्या. मला भरून आलं. मग एका सकाळी जाणवलं, त्यांची बोटं केसांपेक्षा कानाच्या पाळ्यांवरच जास्त फिरताहेत. त्या रोगात पाळ्या जाड होतात म्हणे.

"काय पाहून राह्यल्या, मामी?" मी सासूबाईंना विचारलं.

"काई नाई. तेल जिरवून राह्यली."

त्या आत गेल्या की मी आरशापुढे उभी राहून स्वतःच्या पाळ्या चाचपायचे. पुढे मुलगी झाली, सासूबाईंचा तेलाचा हात तिच्या टाळूकडे वळला, तेव्हा कुठे माझंही चाचपणं सुटलं.