जादा आलेली वही

१९५५ सालच्या जूनमध्ये लोटन नंदुरबारकडच्या कोरीटच्या पुढच्या एका खेड्यात बैलगाडीतून उतरला, तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी, मोजमापाची फीत, वजनाचा ताणकाटा, सरकारी खिशातलं घड्याळ आणि अकरा जाड वह्या होत्या. कुटुंबं दहाच निवडलेली होती. अकरावी वही कार्यालयातून चुकून जादा आली होती.

त्या खेड्याचं नाव मी लिहीत नाही, आणि गावातल्या माणसांची नावंही बदलली आहेत. तिथल्या लोकांना लोटनने शब्द दिला होता की, कोणाचं नाव बाहेर जाणार नाही, फक्त नंबर जाईल, आणि एका घरची वही दुसऱ्या घराला दिसणार नाही.

काम असं होतं. शेतीला खरा खर्च किती येतो हे सरकारला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दहा शेतकरी काढले होते, आणि तीन वर्षं, रोजच्या रोज, त्यांच्या घरी बैल किती तास जुंपले, वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या सालदाराने किती तास काम केलं, बी किती, खत किती, कर्ज किती आणि कुठलं, हे सगळं लोटनने लिहायचं होतं. महिनाअखेर पानं धुळ्याला जायची, कार्बनची नक्कल वहीत राहायची. शेवटी तीन रकाने होते : घरची माणसं – पुरुष, स्त्रिया, मुलं. घरच्या माणसाने राबलं तर खिशातून पैसा जात नाही, पण खर्च होतोच. तेवढंच काम मजूर लावून केलं असतं तर जी मजुरी पडली असती, ती खर्चात धरायची. शेतीच्या हिशेबात मला याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी वाटत नाही. आणि नेमकी तीच त्या गावात कोणी सांगत नव्हतं.

गावातली मातब्बर घरं फार पूर्वी गुजरातेतून येऊन तापीकाठी स्थिरावलेली. काळी जमीन, कापूस, भुईमूग, विहिरीवर थोडी मिरची. अशा घरातली बाई शेतात जाते म्हणणं म्हणजे घराला उणेपणा. लोटन रोज संध्याकाळी ओट्यासमोर उभा राहून विचारायचा आणि सात नंबरचे भाईदास खोकत खोकत सांगायचे.

"बैल कितला तास चालनात, भाऊ?"

"सा."

"घरना गडी?"

"मीच. चार तास लिख."

"घरनी बाई?"

"आमना घरनी बाई वावरमा जात नही. शून्य लिख. आनी गोल काढ रे, कालदिन चपटं काढं व्हतं."

भाईदासांना दमा होता. चार तास सोडा, चार पावलं चालले की ते बांधावर बसत. त्यांची बायको जसोदाबाई उजाडायच्या आधी नाल्याच्या वाटेने शेतात जायची आणि दिवे लागल्यावर त्याच वाटेने परतायची. सगळ्या गावाला ते माहीत होतं. दहाही घरांतल्या बायका अशाच कुठल्या ना कुठल्या आडवाटेने जात होत्या आणि दहाही वह्यांत शून्य होतं.

लोटनच्या सूचनापुस्तकात नियम होता : सांगितलेलं आणि पाहिलेलं वेगळं असेल, तर पाहिलेलं शेऱ्यात लिहावं. पहिल्याच आठवड्यात त्याने तीन नंबरच्या वहीत तसा शेरा लिहिला आणि भोळेपणाने वाचून दाखवला. त्या घराचं दार आठ दिवस त्याला बंद राहिलं. त्यानंतर त्याने शेरा लिहिला नाही.

तो तळोद्याकडच्या एका सालदाराचा मुलगा. मॅट्रिक होऊन शेतीशाळेचा दाखला मिळवलेला घरातला पहिला. गावाने त्याला धान्याच्या कोठाराला लागून एक खोली दिली, पण माणूस दिला नाही. कर वाढवायला आलेला म्हणून लोक त्याला बिचकत. तो दिसला की पारावरचं बोलणं थांबे. "घडीवाला ऊना रे!" एवढं कोणीतरी म्हणे, हशा होई, आणि तो पुढे गेल्यावर बोलणं पुन्हा सुरू होई. कोणाचे बैल किती वाजता जुंपले गेले हे त्याला तोंडपाठ होतं, पण कोणाच्या घरी जेवायला काय केलंय ते कधी कळलं नाही. पहिल्या दिवाळीला त्याला कोणीच बोलावलं नाही. दुसऱ्याने बोलावलं असेल असं प्रत्येकाला वाटलं, असं तो पुढे सांगायचा. त्या दिवशी त्याने जादा वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं : कुटुंब क्रमांक ११. पुरुष १. स्त्रिया, मुलं, बैल या रकान्यांत रेघ.

मग तो त्यात स्वतःचा दिवस लिहू लागला. कुठे गेला, किती चालला, कोणाशी बोलला. बोलण्याचा मजकूर थोडाच असायचा, कारण बोलणारं माणूस एकच होतं. सात नंबरचं शेत त्याच्या फेरीच्या वाटेवर होतं. सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना जसोदाबाई कापसाच्या ओळीतून उठून त्याला पाणी द्यायची. वरून ओंजळीत ओतायची, आणि ओतता ओतता एखादं वाक्य.

"भाकर कशी व्हयनी आज?"

"जळनी, वैनी."

"तवा तापू दे ना आधी. तुले तास समजतस, भाऊ, तवा समजत नही!"

एवढंच. ती पुन्हा वाकायची. तो बांध उतरून जायचा आणि खोलीवर आल्यावर लिहायचा : "८.५०. सातच्या बांधावर पाणी. बाई चौथ्या ओळीत. भाकरीबद्दल विचारलं." आणि खाली : "५.१५. पाणी. एकोणिसावी ओळ." ओळीचा आकडा लिहायचं काहीच कारण नव्हतं. मोजायची सवय लागली होती, आणि दिवसातलं तेवढंच बोलणं होतं, म्हणून ते तो नीट लिहायचा.

१९५७च्या फेब्रुवारीत भाईदास गेले. मूलबाळ नव्हतं. नऊ एकर जमिनीला जसोदाबाईचं नाव लागलं. मे महिन्यात तिने गावच्या सोसायटीकडे कापसाच्या पिकासाठी तीनशे रुपये कर्ज मागितलं. बी, खत आणि एका सालदाराचा पहिला हप्ता. हे पैसे पेरणीआधी हातात पडले तर जमीन ती स्वतः करणार होती. नाही पडले तर भाईदासांचे थोरले भाऊ मोतीलाल ती निम्म्या वाट्याने करायला घेणार होते, आणि एकदा त्यांची पेरणीची तिफन त्या शेतात शिरली की परत निघणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मोतीलालांनाही.

मोतीलाल सोसायटीच्या पंचांत होते. ते म्हणाले, "जी बाई वावरमा कधी उभी ऱ्हायनी नही, तिले पीककर्ज कसाले? मन्हा नाववर द्या, मी करसू. सरकारनी वहीमा दखा. तिन्हा तास शून्य शेत. मन्हा भाऊनी सोता सांगेल शे."

चेरमन फत्तेसिंग सावध माणूस. म्हणाले, "ऐतवारे लोटनभाऊ वही लई येई. जे लिखेल व्हई ते खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोटन बांधावर आला. शेत नांगरून रिकामं पडलं होतं. जसोदाबाई धसकटं वेचत होती. तिने पाणी ओतलं, पण तांब्या मध्येच थांबवला.

"काय लिखं भाऊ तू मन्हं?"

ओंजळ तशीच धरून तो म्हणाला, "शून्य."

"दोन सालनं?"

"दोन सालनं."

तिने तांब्या बांधावर ठेवला. मग म्हणाली, "आनी रोज जे पाणी पिना, तेबी शून्य लिखं का?"

"ते लिखं शे," लोटन म्हणाला. "दुसरी वहीमा."

तो खोलीवर जाऊन अकरावी वही घेऊन आला. ती बांधावर थोडी दूर बसली, तो उभ्यानेच वाचू लागला. तारीख, वेळ, ओळ. तारीख, वेळ, ओळ. तिला अक्षर येत नव्हतं. पदर डोक्यावर घट्ट धरून ती ऐकत होती. भाद्रपदातल्या एका दिवशी सकाळी तिसरी ओळ होती आणि संध्याकाळी पाचवी. तिथे तिने त्याला थांबवलं.

"त्या दिन माले ताप व्हता," ती म्हणाली. "कोनलेच म्हाईत नव्हतं."

तो आणखी पानं उलटत होता, तेव्हा तिने हात वर केला. "बस, भाऊ. हाई वही कोनले दावू नको. हाई दावशी ते वावर ऱ्हाई, पन गावमा मन्हं तोंड ऱ्हावाव नही. दोन साल रोज पाणी, दोन वखत. लोके काय वाचतीन ते तुले समजस ना?"

त्याला समजलं. आत्तापर्यंत समजलं नव्हतं. ती वही त्याने एकटेपणात लिहिली होती, ती दुसऱ्या कोणाच्या हातात गेली तर कशी दिसेल हे कधी मनातच आलं नव्हतं.

तीन दिवस तो खोलीतून निघाला नाही. सकाळची ओळ, संध्याकाळची ओळ, ओळीची लांबी, निंदायला लागणारा वेळ. तो शेतीशाळेत शिकला होता ते सगळं कामाला आलं. पाण्याच्या नोंदी वगळल्या, फक्त तास घेतले. निंदणी, वेचणी, धसकटं : तेराशे शहाऐंशी तास. सात नंबरच्या वहीत त्याने पहिल्या दिवाळीपासूनच्या प्रत्येक महिन्याचं शून्य तांबड्या शाईने खोडून आकडा लिहिला, सही केली, आणि धुळ्याला पाठवायची दुरुस्तीपत्रकं भरली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : "पाहिलेले, परंतु भीतीमुळे न लिहिलेले." एका कुटुंबाची वही दुसऱ्याला दाखवायची नाही, हा शब्द मोडायचीही गरज नव्हती. सात नंबरची कुटुंबप्रमुख आता जसोदाबाई होती. वही तिची होती, तिने दाखवायची.

रविवारी दुपारी ती पदराखाली वही घेऊन सोसायटीच्या खोलीत आली आणि चेरमनच्या पुढ्यात ठेवून दाराशी उभी राहिली. लोटन भिंतीशी उभा होता. फत्तेसिंगांनी आकडा मोठ्याने वाचला.

मोतीलाल उसळले. "म्हंजे मन्हा भाऊ खोटा व्हता का?"

"खोटा नव्हता," जसोदाबाई म्हणाली. आवाज अगदी खाली होता, पण खोलीत ऐकू गेला. "त्यानी माले झाकं. आते झाकनार कोनी नही."

मग मोतीलाल लोटनकडे वळले, आणि हसत म्हणाले, "आनी घडीवाला, तुले कसं रे म्हाईत, ती कितला तास वावरमा व्हती? तू का ओळी मोजाले बठेल व्हता तथा?"

दोघं-तिघं हसले. लोटन एवढंच म्हणाला, "मन्हं कामच शे ते, आबा. माले समदासनं म्हाईत शे. दहाबी घरनं."

हे तो धमकी म्हणून बोलला नव्हता. पण हसणारे थांबले. खोलीतल्या पाच पंचांपैकी तिघांची घरं त्या दहांत होती, आणि तीन वह्यांत तीन शून्यं होती. कोणी छताकडे पाहिलं, कोणी चिलीम झटकली. फत्तेसिंग म्हणाले, "तीनशे. जसोदाबाईना नाववर. अंगठा घ्या." सेक्रेटरीने शाईची गादी पुढे केली. मोतीलाल उठून गेले.

त्या पावसाळ्यात तिने कापूस पेरला.

लोटनचं मात्र त्या दिवसापासून गावात काही राहिलं नाही. आधी लोक बिचकत होते, आता घाबरत होते. तो ओट्यापुढे उभा राहिला की प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर यायचं, "कालदिनसारखं लिखी ले," आणि माणूस आत जायचा. कोणी घडीवाला म्हणून चिडवेनासंही झालं. त्याला त्या चिडवण्याची आठवण यायची.

आणि बांधावरही बदल झाला. पेरणीनंतरच्या पहिल्या फेरीला त्याला जसोदाबाई दिसली ती शेताच्या पार पलीकडच्या टोकाला, पाठमोरी. बांधावरच्या बाभळीखाली मडकं मांडलेलं होतं, वर पालथा तांब्या. त्याने स्वतःच पाणी घेतलं. नवा सालदार झिपरू तिच्या आणि बांधाच्या मध्ये औत हाकत होता. दुसऱ्या दिवशी तसंच. ती रागावली नव्हती. रोज मडकं भरलेलं असायचं. पण भाकर कशी झाली हे विचारणारं आता कोणी नव्हतं. वहीत तो लिहायचा : "९.०५. पाणी." पुढे काही नाही.

ऑक्टोबरात वरिष्ठांचं पत्र आलं. दीड वर्षाचे आकडे एकाएकी कसे बदलले? ज्यावरून दुरुस्ती केली ते मूळ टिपण सादर करावं, अन्यथा दुरुस्त्या रद्द समजण्यात येतील.

मूळ टिपण पेटीत, कपड्यांखाली होतं. त्याच्या प्रत्येक पानावर पाणी होतं. लोटनने दोन दिवस विचार केला, आणि उत्तर लिहिलं : "मूळ टिपण उपलब्ध नाही." पंधरा दिवसांत त्याला कामावरून कमी केल्याचा हुकूम आला. सरकारी पानांवर जसोदाबाईचे तास पुन्हा शून्य झाले.

पुढे तो नंदुरबारच्या मिरचीबाजारात एका अडत्याकडे पावत्या लिहायला लागला. लग्न केलं नाही. मी शेतीचं शिक्षण संपवून १९६७ साली त्या बाजारात भाव गोळा करायला जाऊ लागलो, तेव्हा लोटनआबा पोत्यांच्या ठसक्यात, तोंडाला उपरणं बांधून बसलेले असत. ही हकीकत त्यांनीच सांगितली, तुकड्यातुकड्यांनी, तीन हंगामांत. वही दाखवा म्हटलं, तर हसले आणि पावती फाडायला वळले. जसोदाबाईने पहिल्याच वर्षी व्याजासकट कर्ज फेडलं, हे त्यांना तिथे येणाऱ्या झिपरूकडून कळलं होतं. तिने त्यांच्यासाठी काही निरोप दिला होता का, हे मी विचारलं. "नही," ते म्हणाले. "कसाले दी?"

गाव सोडलं तो दिवस त्यांनी एकदाच सांगितला. नोव्हेंबर होता, वेचणी चालू होती. पेटी डोक्यावर घेऊन ते सातच्या बांधावरून निघाले. वाट वेगळी होती, तरी तिकडून. ती पलीकडच्या टोकाला वेचत होती, कमरेला ओटी भरलेली. तिने पाहिलं की नाही, ते कळलं नाही. मडकं होतं. त्यांनी पेटी खाली ठेवली, पाणी घेतलं, सवयीने खिशात हात घातला. घड्याळ आदल्याच दिवशी जमा केलं होतं. मग ते उभे राहून ओळी मोजू लागले. ती कितव्या ओळीत आहे ते मोजून झालं, तेव्हा त्यांनी तांब्या पालथा घातला आणि पेटी उचलली.

"कितवी व्हती, आबा?" मी विचारलं.

"सतरावी," ते म्हणाले.