लाल गाडीखालचा ठिपका

बाळासोला मी पाचवी ते सातवी शिकवलं. अक्षर वाईट, पाढे बरे. एक गोष्ट मात्र मला त्याची कायम आठवते. फळ्यापाशी बोलावलं आणि उत्तर येत नसलं, तर इतर मुलं अंदाजाने काहीतरी खरडायची. हा खडू हातात धरून नुसता उभा राहायचा. खात्री नसलेलं लिहायचं नाही, असं त्याने स्वतःशीच ठरवलेलं होतं. त्यासाठी मी त्याला दोनदा ओरडले असेन. आता त्याचं वाईट वाटतं.

त्याचं गॅरेज उचगावात, रस्त्याला लागून आहे. पत्र्याची शेड, आत दोन गाड्या मावतात, तिसरी अर्धी बाहेर राहते. माझी स्कूटर दुरुस्तीला तिथेच असते, म्हणून माझं जाणं-येणं. गाडीतून काही गळत असलं की लोक लांबून त्याच्याकडे येत, कारण त्याची एक रीत होती. तो गाडीखाली हात घालून टिपूस बोटावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, "गिअरचं ऑइल हाय. मागचं सील गेलंय." असं नाव घेतल्यावरच पान्याला हात. खडूचीच सवय ती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला आणि बरा झाला. पण वास गेला, तो परत आला नाही. हे त्याच्या बायकोला, क्रांतीला, तेवढं माहीत होतं. बोट नाकाशी नेणं, डोळे मिटणं त्याने चालू ठेवलं. रंग आणि चिकटपणा बघून बहुतेक वेळा नाव बरोबर यायचं. चार-पाच वर्षं तशी निभली.

यंदा श्रावणाच्या आधी उदयसिंहांची लाल गाडी आली. कुरुंदवाडची मंडळी, ऊस आणि म्हशी. गाडी त्यांच्या वडिलांची, आबासाहेबांची. तीस वर्षांची, दोनच सीटची, बसकी, कापडी टप मागे पडणारी शर्यतीची गाडी. आबासाहेबांनी ती हौसेने घेतली आणि वीस वर्षं बाळासोशिवाय कुणाला तिचं बॉनेट उघडू दिलं नाही. गेल्या वर्षी ते गेले.

उदयसिंह म्हणाले, "बाळासो, पुढच्या चाकापाशी ठिपका पडतोय. चिकट हाय."

त्यांनी ठिपक्याचा पुठ्ठाच आणला होता. बाळासोने बोट लावलं, चोळलं, नाकाशी नेलं.

"कूलंट. पाणी घालून घालून पातळ झालंय, म्हणून रंग न्हाई."

रेडिएटरचा रबरी होज बदलला. आठ दिवसांनी पुन्हा ठिपका. मग पाण्याचा पंप बदलला. पुन्हा ठिपका.

तिसऱ्या खेपेला उदयसिंहांचा आवाज चढला. "आबा म्हणायचे, बाळासो वासावरनं गाडीची कुंडली सांगतो. आता काय पंचांग हरवलं काय?"

"गाडी ठेवून जावा," एवढंच तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी स्कूटर न्यायला गेले, तेव्हा क्रांतीने मला गॅरेजमागच्या घरात, स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. "बाई, तुम्ही तरी बोला त्यांच्याशी. ही गाडी हातनं सुटली तर दिवाळीला शटर ओढतो म्हणत्यात. लोकांस्नी फसवतोय म्हणत्यात स्वतःला."

मी बाहेर आले. तो गाडीखाली पुठ्ठा सरकवत होता.

"क्रांतीनं सांगितलं न्हवं?" त्याने वर न बघताच विचारलं.

"हो."

"मग बसा."

पुढचे चार दिवस मी रोज तिथे जाऊन बसले. त्याने गाडीचं पोट धुऊन कोरडं केलं आणि खालून पांढरी पावडर मारली. ओलं कुठून कुठे जातं त्याची रेघ पावडरीत उमटते. मी घरून रांगोळी नेली होती, ती त्याने परत दिली. "खरखरीत असती बाई, सील खाती." मग क्रांतीचा टाल्कमचा डबा रिकामा झाला. गाडी दिवसभर उभी केली, इंजिन तापवलं, मला शेजारी बसवून हुपरीपर्यंत पळवली. इतक्या खाली बसून जाताना रस्ता अंगावर येतो. हातगाडीवरचा एक केळीवाला ओरडला, "बाळासो, पावणं कोण?" आणि बाळासो त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला.

ठिपका मात्र पडला नाही. चार दिवसांत एकही नाही.

"आणि कूलंटच्या टाकीतलं पाणी?" मी विचारलं.

"ते पहिल्या दिवसापासनं हललं न्हाई. रेघेवर हाय तसंच हाय."

"म्हणजे कूलंट गळतच नव्हतं."

"दिसत होतं की मला. पण वाटलं, नाक गेलंय, आता डोळं पण धड नसतील. उदयदादा म्होरं उभं. म्हणलं, काहीतरी उघडावं." त्याने पाना खाली ठेवला. "बाई, आयुष्यात पहिल्यांदा न कळता पाना लावला."

शाळेत काही मुलं वर्गात हसतखेळत असतात आणि घरी गेली की रडतात. अशा वेळी मी त्यांच्या घरी जात असे. मी तसं म्हटलं: ठिपका घरीच पडत असेल, तर गाडी तिथेच जाऊन बघू. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. ठिपका बहुतेक गुरुवारीच दिसतो, असं उदयसिंह बोलता बोलता म्हणाले होते. त्यांना फोन करून आम्ही गाडी त्यांच्याच घरी न्यायचं ठरवलं. खालची पावडर तशीच ठेवली.

पहाटे निघालो आणि आठच्या आत कुरुंदवाडला पोहोचलो. उदयसिंह रानात गेले होते, निरोप दिल्यावर येतो म्हणाले. बाळासोने गाडी नेहमीच्या जागी, तुळशीजवळ लावली, खाली कोरा पुठ्ठा सारला आणि आम्ही अंगणासमोरच्या सोप्यात चहा घेत बसलो.

थोड्या वेळाने आबासाहेबांची पत्नी, आक्का, पूजा आटोपून बाहेर आल्या. सत्तरीच्या, पाठ ताठ, हातात फोडलेला नारळ आणि तांब्या. त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि तांब्यातलं नारळाचं पाणी पुढच्या काचेच्या खालच्या जाळीत सावकाश ओतलं. मग पदराच्या टोकाने बॉनेट पुसलं.

बाळासोचा कप हातातच राहिला. तो उठला आणि गाडीपाशी जमिनीवर आडवा झाला. मीही वाकून बघितलं. पांढऱ्या पावडरीतून एक ओली रेघ चाकामागून उतरली होती आणि तिच्या टोकाला टिपूस धरत होता. पुठ्ठ्यावर पहिला ठिपका पडला तो आम्ही दोघांनी पाहिला.

"आक्का, हे कधीपासनं करताय?" त्याने खालूनच विचारलं.

"साहेब गेल्यापासनं. गुरुवारी ते मला हिच्यातनं वाडीला न्यायचे, दत्ताला. आता उदयला सवड कुठली. मी म्हणलं, आपून न्हाई तर न्हाई, गाडीचा तरी गुरुवार चुकू नये. बाहेर सांडलं की मुंग्या येत्यात, म्हणून यंदापासनं जाळीत घालते. का रं, बिघडलं काय?"

"तुमचं काय न्हाई बिघडलं."

तेवढ्यात उदयसिंह आले. सगळं ऐकून ते आधी हसले, मग आईकडे बघून त्यांनी हसू आवरलं. बाळासो उठला, कपडे झटकले. मला वाटलं, इथेच संपलं. गळती सापडली, गाडी निर्दोष, त्याचं नाव राहिलं. आणखी काही बोलायची त्याला गरज नव्हती.

त्याने डिकी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेला जुना पंप आणि होज काढून ओट्यावर ठेवले.

"उदयदादा, ह्या दोन्हीत काय खोट नव्हती. मी उगंच बदलले. नारळाचं पाणी कुणीबी वासावरनं सांगितलं असतं. मला वास येत न्हाई. कोरोनापासनं येत न्हाई. बोट नाकाला लावतो ते नुसतं दाखवायला."

उदयसिंह पंप हातात घेऊन फिरवत राहिले. "आबांना माहीत होतं हे?"

"न्हाई. त्यांनाबी सांगितलं न्हाई."

"मग आता गाडी दुसऱ्याकडं न्यावी म्हणतोस?"

"न्यायची तर न्या. पण मी काय हाय ते कळून न्या."

आक्कांनी तांब्या पायरीवर ठेवला. "साहेबांना शेवटची दोन वर्षं डाव्या कानानं काय ऐकू येत नव्हतं. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून सांगायचे, इंजिन कसं बोलतंय. तुला माहीत होतं काय?"

बाळासोने मान हलवली. नव्हतं.

"त्यांनीबी सांगितलं न्हाई तर," आक्का म्हणाल्या. "दोघंबी सारखेच."

उदयसिंहांनी पंप परत त्याच्या हातात दिला. "जुनाच बसव. आबांच्या वेळचा हाय." मग आईला म्हणाले, "आणि आक्का, ते जाळीत ओतणं बास. चल, चप्पल घाल, वाडीला जाऊन येऊ." पंप बसवायचं त्यामुळे दुपारवर गेलं. टप मागे टाकून मायलेक गेले, आणि आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर बसून राहिलो. पावडरीने माखलेले हात बाळासो मांडीवर उपडे ठेवून बसला होता.

दिवाळी झाली. शटर रोज आठला वर जातं. परवा मी गेले, तेव्हा इचलकरंजीचा एक टेम्पोवाला आला होता. बाळासोने खाली हात घालून टिपूस बोटावर घेतला, चोळला आणि बोट त्या माणसाच्या नाकापुढे धरलं.

"पावणं, वास घ्या. मला येत न्हाई. कसा हाय सांगा."

"तेलाचा," तो माणूस बिचकून म्हणाला.

"ते मलाबी दिसतंय. करपल्यागत का सडल्यागत?"

माणसाने पुन्हा वास घेतला, या वेळी डोळे मिटून. "सडल्यागत. अंडं नासल्यासारखा."

बाळासो थांबला. बोटाकडे बघितलं, गाडीच्या मागच्या चाकाकडे बघितलं, मग पुन्हा बोटाकडे.

"गिअरचं ऑइल," तो म्हणाला, आणि पान्याकडे हात नेला.